निळी खुर्ची

पंप कंपनीतल्या मुलीनं सांगितलं तसे दिगंबररावांनी मीटरचे, हॉलचे आणि गेल्या वर्षी वारलेल्या बायकोच्या खोलीचे फोटो मागे सरकून नीट काढले. भिंतींत, सामानात मुरलेली माणसांच्या वावराची पाच वर्षांची ऊब कंपनीच्या खास कॅमेऱ्यात तांबडी दिसे, कुणी न वापरलेली जागा निळी; आणि त्यावरून घर गरम करणाऱ्या पंपाचं माप ठरे.

मुलीचा फोन आला. "काका, फॉर्ममध्ये काकूंच्या खोलीत दोघांचा वावर लिहिलाय ना तुम्ही?"

"हो. कुमुद जाईपर्यंत मी तिच्या उशाशीच बसून असायचो."

"पण पलंगाजवळची खुर्ची पार निळी आलीय. टीव्हीसमोरची बघा, कशी पेटलीय! फोटो चुकला वाटतं. पुन्हा काढता का?"

दिगंबररावांनी पलंगाजवळच्या खुर्चीवरची धूळ हातानं पुसली.

"फोटो बरोबर आहे, पोरी. तिथं एकच माणूस लिही."