कोरे अंगठे

काजू कारखान्याचा तरुण मालक बायकांना नवा करार वाचून दाखवत होता. "कामामुळे हातांना इजा वा आजार होत नाही, सबब उपचारांची जबाबदारी मालकावर नाही." सत्यवती धुरीने आपल्या काळवंडलेल्या हातांकडे पाहिलं. टरफलांच्या चिकाने ते कित्येक वर्षं पोळत आले होते. पण काम हवं होतं. ती अंगठा द्यायला पुढे झाली.

ठसे घेणाऱ्या मशीनने अंगठा घेतला नाही. तिने तो पदराला पुसून पुन्हा टेकवला, तरी नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या शेवंतीचाही लागेना.

"मशीन बिघडलंय," म्हणत मालकाने शाईचं पॅड मागवलं. कराराच्या कागदावर सत्यवतीच्या अंगठ्याचा नुसता गुळगुळीत काळा डाग उमटला. शाईच खराब असेल म्हणून त्याने शेजारी स्वतःचा अंगठा उठवला. एकेक रेघ लख्ख दिसली.

बायका कागदावर वाकल्या. "बघ गो, कितक्यो रेघो!" शेवंती हरखून म्हणाली. "आमच्यो खंय गेल्यो?"

मालक सत्यवतीकडे वळला. "काकी, हात दाखवता?" त्याने हळूच विचारलं. सत्यवतीने तळवे पुढे केले. चिकाने खाऊन गुळगुळीत झालेल्या बोटांच्या टोकांवरून त्याने आपलं बोट फिरवलं. मग त्याने ते कलम खोडून वर लिहिलं, 'हातांच्या इजेचा आणि आजाराचा खर्च कारखाना करील, रजेत पगारही देईल,' आणि सही केली.

"पण माझो अंगठो उमटाक नाय," सत्यवती म्हणाली.

"उमटलाय," तो म्हणाला.

मग एकेक बाई येऊन आपला कोरा अंगठा उठवू लागली, आणि मालक खुर्ची सोडून उभाच राहिला.