सातव्या गाण्यातली बाई

नवरा घर सोडून गेल्याला तीन महिने झाले, तरी समुपदेशक असलेल्या थोरलीने आपले दुःख कोणापुढेही उघडे केले नव्हते. ओट्यापाशी उभ्यानेच पातेल्यातून जेवणाऱ्या बहिणीला पाहून धाकटीचा जीव कळवळला आणि तिने मोबाईलवर एक नवा अल्बम लावला. घटस्फोटातून सावरलेल्या एका गायिकेने स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाली लावलेली ती गाणी होती. सातव्या गाण्यात तिची समुपदेशक तिला सांगत होती : ‘रडायचे तेवढे रड, पण एकटीपुरते का होईना, ताट वाढून घे आणि बसून जेव.’

“बघ ताई, याला म्हणतात धीर देणं. नाहीतर तू! लोकांना ब्रह्मज्ञान सांगतेस, आणि स्वतः कोरडा पाषाण. या समुपदेशक बाईला शोधून काढ आणि तिच्याकडे जा. तिचं नुसतं बोलणं ऐकून अर्धं दुखणं पळेल.”

थोरलीने पातेले खाली ठेवले. आपल्याकडे कोण येते हे सख्ख्या बहिणीलाही सांगायचे नाही, हा व्यवसायाचा दंडक तिने वीस वर्षे पाळला होता. गाण्यातले ते वाक्य तिनेच गेल्या वर्षी, एका दुपारी, त्या गायिकेपुढे पाण्याचा पेला सरकवताना उच्चारले होते.

“जाऊन आले गं तिच्याकडे,” ती म्हणाली. “माझ्यासमोर तिला एक शब्द सुचत नाही.”