चिंध्यांवरच्या कुरळ्या बटा

समजा, मुलांनो, रविवारची दुपार आहे आणि तुम्ही जुन्या साडीच्या चिंध्या हातात धरून उभे आहात. हेमांगी तशीच उभी होती. शेजारची चैत्राली शाळेच्या नाटकात जुन्या काळची नटी होणार होती, म्हणून हेमांगीची आई चैत्रालीचे ओले, सरळ केस बट बट करून चिंध्यांवर गुंडाळत होती.

तीन तास उन्हात बसवल्यावर आईने गाठी सोडल्या. कुरळ्या बटा खांद्यांवर उतरल्या.

"काय देखणी दिसतेस गं," आई म्हणाली.

हेमांगी गोंधळली. असे केस तिला जन्मापासून होते. आई त्यांना झुडूप म्हणायची आणि रोज तेल चोपडून, करकचून वेण्या घालायची.

"आई, हे माझ्यासारखेच झाले ना?"

"तुझं वेगळं आहे, बाळा."

"वेगळं कसं?"

आई सुटलेल्या चिंध्या गोळा करू लागली.

"काकू, हिचे तर आयतेच आहेत की," चैत्राली आरशात बघत म्हणाली.

हेमांगीने वेण्या सोडल्या, साबणाने डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी आईसमोर येऊन बसली. वेणीला बसते तशी पाठ करून नाही, आईकडे तोंड करून.