दोन रट्टे

एका जागी न बसणाऱ्या मुलांसाठी माझी मुलगी वर्ग चालवते आणि दाराशी नावं लिहून घ्यायला मी बसते. काल एक म्हातारी नातीला ओढत घेऊन आली. तिला मी चालीवरूनच ओळखलं. माझ्या मुलीच्या लहानपणीच्या शाळेची मुख्याध्यापिका.

"हिला घ्या हो. कुठलीच शाळा ठेवून घेत नाही."

"दोन रट्टे घाला, आपोआप बसेल," मी म्हणाले. मुलीला शिकवायला वेगळ्या बाई द्या म्हणून मी हात जोडले होते, तेव्हा तिने मला हेच सुनावलं होतं. तिला काही आठवलं नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"असं काय बोलता? लेकरू आहे हो ते."

तेवढ्यात माझी मुलगी बाहेर आली. "काळजी करू नका, आजी," असं हसून म्हणत तिने पोरीला उचललं आणि आत नेलं.

म्हातारी डोळे पुसत खुर्चीकडे वळली.

"बसू नका," मी म्हणाले. "उद्यापासून नातीला तिच्या आईबरोबर पाठवा. तुम्ही या दारात पुन्हा दिसायचं नाही."

"का पण? तुमच्या बाई तर किती प्रेमाने बोलल्या!"

"तिने तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही तिला ओढणीने बाकाला बांधत होतात, तेव्हा ती आढ्यावरच्या चिमण्या बघत होती. तिचं तुमच्याकडे लक्षच नव्हतं. मी खिडकीबाहेर उभी होते. माझं होतं."