आप्पांचा वारा

‘पोरींनो, चिपच्या पायाला मोटार थेट जोडू नका. तो पाय तक्रार करत नाही. मुकाट्यानं जळतो.’

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या बाईंचा आवाज कस्तुरीला किती वर्षांनी आठवला, तोही सासऱ्यांच्या खाटेशी. पुढ्यात स्टीलचं ताट. ताटात नापास झालेले तीन ट्रान्झिस्टर, चिप बसवलेला जुना बोर्ड, बॅटरी आणि खेळण्यातल्या गाडीची मोटार. मोटारीच्या दांडीला धोतराची पट्टी बांधलेली.

दिवस मावळतीला आला होता. जेवणं उरकली होती. मावळल्यावर या घरात कुणी तोंडात काही घालत नसे. चूल निजली की डास उठायचे, आणि आप्पा हाक मारायचे, कस्तुरी, जरा वारा घाल.

आप्पांचं डावं अंग लकव्यानं गेलं, तेव्हापासूनचा हा नेम. कॉइल घरात चालत नव्हती. डास हाकलायचा, मारायचा नाही. मच्छरदाणीत आप्पांचा जीव गुदमरायचा. टेबलफॅननं खांदा आखडायचा. मग कस्तुरी खाटेशी बसायची आणि पदरानं वारा घालायची. आप्पा उजव्या हातानं जपमाळ ओढत राहायचे. पहाटे पाणी गाळायला उठलेली ती, दिवसभरात बूड टेकायची ते इथंच, आणि तेही हात हलवत. अव्वा, तिच्या सासूबाई, दारातून डोकावायच्या. वारा चालू दिसला की न बोलता मागं फिरायच्या.

खांदे भरून आले, तेव्हा तिनं माळ्यावरून डिप्लोमाचा डबा काढला. हातासारखं हलणारं काहीतरी करायचं होतं. थोडं हलावं, थोडं थांबावं, पुन्हा हलावं. ते चिपला सांगता येत होतं. पण चिपच्या पायात जोर तो किती. मध्ये दारासारखा उघडमीट करणारा ट्रान्झिस्टर हवा, आणि तो निवडण्यातच तिचे दिवस चालले होते.

पहिला हरभऱ्याएवढा. मोटार फिरली, पण त्याला बोट लावलं तर चटका. दुसरा दांडगा, पाठीला पत्रा असलेला. तो बॅटरीचा जोर वाटेतच खायचा. पट्टी म्हाताऱ्या बैलाच्या शेपटीसारखी हलायची. तिसरा तिच्या नवऱ्यानं, पारसनं, सांगलीतून आणला. दुकानदार म्हणाला होता, सगळे सारखेच. सारखे नव्हते. त्याचं दार उघडायला दहा व्होल्ट लागायचे आणि चिप देणार तीन. दार किलकिलंच राहायचं.

पारस इस्लामपूरच्या कारखान्यातून सुटीला आला की हसायचा.

“मुंगीकडनं हत्ती उठवतीस व्हय गं?”

तेच तर करायचं होतं. मुंगीनं नुसतं दार लोटायचं. ओढायचं ते बॅटरीनं.

अव्वांनी आल्यागेल्याला सांगून ठेवलं होतं, शिकलेल्या सुनेनं वाऱ्यालाबी गडी ठेवलाय. आप्पा मात्र कुशीवरून ताटाकडे बघत राहायचे. एकदाच विचारलं, कवा हुईल ह्ये? लवकर हुईल आप्पा, ती म्हणाली. त्यावर ते हळूच म्हणाले, घाई न्हाई.

आज चौथा आला होता. तीन व्होल्टांत सताड उघडणारा. तिनं तो जोडला. मोटार थांबताना उलटा झटका देते, म्हणून तिच्या दोन टोकांवर डायोड टाकला. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी सोल्डरचा डाग नीट बसला.

बटण दाबलं. पट्टी हलली. थांबली. पुन्हा हलली. तिच्याच हातासारखी, पण न दमता. कस्तुरीनं ट्रान्झिस्टरला बोट लावलं. गार. तिनं हात मांडीवर ठेवले. असे नुसते ठेवलेले हात तिला ओळखीचे वाटेनात. भिंतीला पाठ लावून तिनं डोळे मिटले.

“झालं न्हवं तुझं यंत्र?” दारात अव्वा होत्या. “मग रिकामी बसू नगंस. बेदाणा पडलाय निवडायचा. त्यो झाला की म्हशीचं बघ.”

अव्वा गेल्या. कस्तुरी भिंतीला हात देऊन उठली.

तेवढ्यात मोटार गुरगुरली. पट्टी अडकली होती. आप्पांनी जपमाळ उशाला टाकून उजव्या मुठीत पट्टी धरली होती, घट्ट.

“आप्पा, सोडा. मोटार जळंल.”

“जळू दे.”

ती गोंधळली. पट्टी लांब पडते का, जोरात लागते का, तिनं विचारलं. खांदा आखडला का. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. लकव्यापासून शब्द त्यांना एकेक जुळवावा लागायचा. ते जुळवत राहिले. दाराकडे बघितलं, अव्वा लांब गेल्याची खात्री केली, मग तिच्याकडे बघितलं.

“माझा उजवा हात धड हाय की, कस्तुरी. डास मला हाकलता येत्यात. तुला कुणी उठवू नये म्हणून वारा मागत हुतो.”