उंदराचं नाव खुशाल

"आज हे बराबर जेवले, सर," पिंजरे झाडणारी मालनबाई म्हणाली आणि प्रयोगशाळेत खसखस पिकली.

'हे' म्हणजे तिसऱ्या पिंजऱ्यातला पांढरा उंदीर. खाऊनपिऊन निवांत पडून असतो म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं खुशाल. नेमकं तेच मालनबाईच्या नवऱ्याचं नाव. ते ओठांवर आणायची सोय नाही, म्हणून भंडाऱ्याच्या त्या कॉलेजात एका उंदराला अहो-जाहो मिळू लागलं.

प्राणिशास्त्राच्या मधुकररावांना हसायला सवड नव्हती. साल होतं १९७७. मधुमेहाची एक गोळी गावोगाव खपत होती, आणि ती घेता घेताच कारध्याची दोन माणसं धापा टाकत दगावली. गोळीमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं, असा मधुकररावांचा संशय. डॉक्टर म्हणत, पुरावा आणा. म्हणून त्यांनी सुई टोचून उंदरांना मधुमेह जडवला आणि रोज तीच गोळी चालू केली. मालनबाई ती कणकेत मळून भरवी. गोळी कुठली, हे तिला शिकवावं लागलं नाही. तिच्या घरीही तीच यायची.

पण उंदीर काही धापा टाकेनात. महिने गेले. मधुकरराव पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून एकेकाच्या बरगड्या न्याहाळत आणि हिरमुसून उठत. माणसाला होतं ते उंदराला का होत नाही, हा प्रश्न त्यांना जेवतानाही सोडत नसे.

एका सकाळी तास चालू असताना मालनबाई वर्गाच्या दाराशी आली.

"सर, ह्यायले बरं नाही."

मधुकरराव खडूसकट बाहेर आले. "काय होतंय?"

"पहाटपासून जोरजोरानं दम घेऊन राह्यले. पडूनच हायेत."

"खोल दम? लांब लांब?"

"हो. खाल्लं बी नाही काही."

मधुकररावांना इतका आनंद झाला की तो लपवता येईना. मालनबाईचे डोळे मात्र भरले होते. उंदरावर केवढी ही माया, त्यांना वाटलं.

"गोळी देऊ का बंद करू, ते विचाराले आली."

"बंद? काहून? चुकवायचीच नाही. तास संपला की येतोच मी."

"पण ओकून टाकतात, सर."

"मग पुन्हा द्या."

ती मान हलवून गेली. मधुकरराव शीळ घालत फळ्याकडे वळले. त्यावर उंदराच्या जठराची आकृती अर्धी काढून झाली होती.

"तर अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथली पकड फार घट्ट असते. म्हणून उंदराला कधीही ओकता..."

खडू हातातच राहिला. पोरं बघत राहिली आणि सर पिंजऱ्यांच्या खोलीकडे धावत सुटले.

पिंजऱ्यातला खुशाल अगदी खुशाल होता.