बरणीतली शेवंती

"डावीकडची शेवंती टवटवीत, उजवीकडची वाळलेली. आयुष्य क्षणभंगुर आहे, हे चित्रकर्ती सुचवते," आईच्या चित्रापुढे अभ्यासक बाई प्रेक्षकांना समजावत होत्या. "त्या काळी बायकांना फुलंच रंगवायची मुभा. म्हणून त्या फुलांतून बोलल्या."

आई फुलांतून बोलतेय कुठली. भात शिजेपर्यंतचाच वेळ तिचा होता. डावीकडून सुरुवात केली, रोज एखादंच फूल रंगवून व्हायचं. उजव्या टोकाला पोचली तोवर बरणीतली शेवंती वाळली होती, आणि दिसेल तेच काढायचं हा तिचा हट्ट.

"तुम्ही त्यांच्या कन्या ना? सांगा ना काही," बाई माझ्याकडे वळल्या.

मी नको म्हटलं. भात शिजेपर्यंतच्या तेवढ्या वेळातही, तिनं ब्रश उचलला की "आई, वेणी घालून दे" म्हणून हाका मारणारी मीच होते.